बंद पडलेला पंप

“पंप बंद पडलाय,” शेजारचा पवनचक्कीवाला तेऊन दारातूनच म्हणाला. “पाणी चढतंय. चक्की चालवायला पाहिजे आणि माझी तर कंबर धरलीय. पद्मा, येता का मदतीला?”

मी गॅसपाशी उभी होते. दोन पातेल्यांत पाणी तापत होतं. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं. बाळंतपण म्हटलं की पाणी तापवायचं, एवढं डोक्यात पक्कं होतं. वर माडीवर माझी लेक सन्मती कळा देत होती. घरातच! मिरजेसारखं दवाखान्यांचं शहर उशाशी असताना माझ्या एकुलत्या एका लेकीचं पहिलं बाळंतपण हॉलंडातल्या एका खेड्यात, लाकडी माडीवर, एका सुईणीच्या भरवशावर चाललं होतं. आणि ती सुईण, मारेका तिचं नाव, सकाळपासून नुसती कॉफी पीत बसली होती. “सगळं छान चाललंय,” एवढंच म्हणायची. छान चाललंय म्हणे! मग पोरगी कण्हते कशाला?

“आत्ता कशी येऊ?” मी तेऊनला म्हटलं. “वर पोरगी अडलीय आणि मी चक्कीवर जाऊ?”

“तुमची मर्जी. पण पाणी थांबणार नाही.”

मी पातेली तशीच टाकून वर धावले. गेल्या तासाभरात ती माझी कितवी फेरी होती कोण जाणे. सन्मती पलंगाच्या कडेला धरून उभी होती. केस घामानं चिकटलेले.

“अगं, तो तेऊन म्हणतोय पंप बंद पडलाय...”

“ऐकलं मी. जा तू, आई.”

“अशी कशी जाऊ?”

“अजून वेळ आहे. मारेका म्हणतेय, संध्याकाळ होईल. आणि घरात पाणी शिरलं तर मी ह्या अवस्थेत कुठं जाऊ, सांग बरं?”

हे मात्र बिनतोड होतं. माझे जावई अभिनंदन खिडकीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे गदगदा हलत होते. मला वाटलं, बिचारे रडतायत. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, “धीर धरा” म्हटलं, पदर कमरेला खोचला आणि खाली आले.

पाण्याची भीती मला उगीच नव्हती. आम्ही कुरुंदवाडचे मगदूम. आमची पिठाची गिरणी आहे. मालक गेल्यापासून मीच चालवते. कृष्णा आणि पंचगंगा दोघी चढल्या की आमच्याकडे काय होतं ते तिथल्या माणसाला सांगायला नको. गिरणीत छातीएवढं पाणी मी बघितलंय. जात्याच्या तळ्या गाळात रुतलेल्या, पट्टे कुजलेले, आणि ज्वारीच्या पोत्यांना मोड आलेले.

अशा बाईची लेक राहायला कुठं गेली, तर समुद्राच्या पातळीखाली! सन्मतीचं घर बांधाच्या पायथ्याशी होतं आणि बांधापलीकडे कालवा. भांडी घासताना खिडकीतून बघितलं की नाव जाताना दिसायची, आणि ती बघायला मान वर करावी लागायची. आमच्याकडे पाणी खाली असतं, ते वर येतं. इथे ते आधीच वर जाऊन बसलेलं. पहिल्या दिवशी नाव बघून माझ्या हातातून ताटली पडली. दुसऱ्या दिवशी मी घरामागच्या चरात एक काठी रोवली, पाण्याच्या रेघेवर लाल दोरा बांधला आणि सकाळ-संध्याकाळ तो तपासू लागले. पाणी दोऱ्याच्या वर गेलं की माझं जेवण उतरायचं नाही.

“आई, तू मला वेडं करशील,” सन्मती म्हणाली आणि एक दिवस मला धरून तेऊनच्या चक्कीवर घेऊन गेली. घरापासून ओरडलं तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर ती होती. गवतानं शाकारलेली, अडीचशे वर्षांची, चार लांबलचक पात्यांची पवनचक्की. तेऊन बँकेतून निवृत्त झालेला, सत्तरीचा, पायात लाकडी बूट. हौसेनं चक्की सांभाळायचा. तिथे अशा हौशी लोकांची रीतसर परीक्षा असते म्हणे.

चक्की म्हटल्यावर मी थेट आत जाऊन पीठ पडायची जागा शोधली आणि सवयीनं हात पुढे केला. गरम पिठाचा हाताला अंदाज घ्यायचा ही माझी रोजची सवय. तिथे नळकांडंही नव्हतं, पीठही नव्हतं.

“पीठ कुठंय?” मी विचारलं.

तेऊन एवढा हसला की त्याला बसावं लागलं. “ही पीठ दळत नाही, मेव्राउ. ही पाणी उपसते. आता ते काम सरकारी पंप करतो, तो अडला तर ही.” मेव्राउ म्हणजे बाईसाहेब. तो त्याच्या इंग्रजीत बोलायचा, मी माझ्या. अडलं की हात होतेच.

मग त्यानं मला सगळं दाखवलं. वारा पाती फिरवतो. पात्यांचा आडवा कणा वरच्या टोपीत एका मोठ्या लाकडी दातेरी चाकाला फिरवतो. ते चाक मधल्या उभ्या खांबाला फिरवतं, आणि तो खांब थेट तळापर्यंत येऊन पुन्हा दातांनी एका तिरक्या मळसूत्राला जुंपलेला. लाकडाचं मळसूत्र, माणूस आत झोपेल एवढं जाड. खालचं टोक आमच्या चरात, वरचं टोक वरच्या कालव्यात. ते फिरलं की पाणी वेढ्यावेढ्यानं वर चढतं. मोठ्या गिरण्यांत धान्य वर न्यायला असतं तसंच की! मला एका नजरेत कळलं. पण खरं मन जिंकलं ते वरच्या टोकाच्या दारानं. चक्की चालू असली की उपसलेलं पाणी ते दार ढकलून बाहेर जातं. चक्की थांबली की तेच पाणी माघारी यायला बघतं, आणि त्याच्याच धक्क्यानं दार बंद होतं. कुणी राखण बसायला नको.

“म्हणजे चोरच कडी लावतो,” मी म्हटलं. सन्मतीनं ते तेऊनला सांगितलं. तो ते कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत फिरला.

एकाच गोष्टीवरून आमचं वाजलं. कणा ज्या दगडावर टेकतो तिथे वंगण लागतं. तेऊननं डबा उघडला आणि मला वास घ्यायला दिला. पांढरं, लोण्यासारखं. मी बोट घालणार इतक्यात त्यानं नाकानं डुकरासारखा आवाज काढून दाखवला. डुकराची चरबी! आम्ही जैन, कांदासुद्धा चार महिने वर्ज्य. मी किंचाळले. घरी जाऊन डोक्यावरून अंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी त्याला वाटीभर तूप नेऊन दिलं, हे लाव म्हटलं. त्यानं ते पावाला लावून खाल्लं.

तर त्या दिवशी मी चक्कीवर पोचले तेव्हा वारा चांगला सुटला होता. आठवडाभराच्या पावसानं चर काठोकाठ भरलेले. काठीकडे बघितलं तर दोरा बुडालेला.

“आधी तोंड फिरवायचं,” तेऊन म्हणाला.

चक्कीची टोपी वाऱ्याकडे फिरवावी लागते. मागं शेपटीसारखा दांडा जमिनीपर्यंत येतो, त्याला बैलगाडीच्या चाकाएवढा रहाट. त्याच्या आऱ्या हातानं ओढायच्या आणि पायानं दाबायच्या, की साखळी गुंडाळली जाते आणि वरची टोपी, पात्यांसकट, इंचाइंचानं फिरते. तेऊन कंबरेवर हात ठेवून उभा राहिला आणि मी रहाटाला भिडले. नऊवारी नव्हती म्हणून चुकचुकले. सहावारीत पाय टाकता येत नाही. शेवटी काष्टा घालून चढले. हिसका दिला की करकर आवाज व्हायचा आणि आख्खी इमारत डोक्यावर वळायची. साठीला आलेल्या बाईनं एवढं मोठं घर एकटीनं वळवलं, हे मला तेव्हाही खरं वाटेना.

“अजून! अजून थोडं!” तेऊन ओरडत होता.

“तुझ्या बापानं केलं होतं का एवढं!” मी मराठीत ओरडले. त्याला काय कळलं कोण जाणे, पण तो खूश झाला.

मग कापडं. पात्यांच्या लाकडी जाळीवर शिडासारखं कापड पसरायचं असतं. एकेक पातं खाली आणायचं, ब्रेक लावायचा, कापड सोडायचं, बांधायचं. ब्रेकचा दोर मी धरला आणि कंबर धरलेला तेऊन पात्यावर सरसर चढून गेला, वानरासारखा. माझ्या मनात आलंही, की अरे, ह्याची कंबर? पण पाणी चढत असताना असले प्रश्न कोण विचारतं!

“सोडा!” तो खाली उतरून म्हणाला.

मी दोर ओढला. वर कुठंतरी चाकाला आवळलेली लाकडं सैल झाली, पातं हललं, डोक्यावरून गेलं, दुसरं आलं, तिसरं आलं. सुऽऽप. सुऽऽप. तळात मळसूत्र फिरू लागलं आणि पाणी खदाखदा हसत वर चढलं. सगळी चक्की अंग हलवायला लागली, पायाखालची फळी, भिंत, माझे दात. मला एकदम आमच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं वाटलं. पट्टा चढवल्यावर पहिल्या क्षणाला जो आवाज होतो ना, तोच. गिरणीवाल्याला त्या आवाजानं झोपही येते आणि जागही येते. मी वेड्यासारखी हसत सुटले. घरी लेक कळा देतेय हे आठवलं आणि हसू आवरेना म्हणून स्वतःचीच लाज वाटली.

बऱ्याच वेळानं वारा वळला. तेऊननं चक्की थांबवली, पुन्हा तोंड फिरवायचं होतं. मी जरा टेकते न टेकते तोच सन्मतीच्या खिडकीत काहीतरी पांढरं फडफडलं. टॉवेल. कुणीतरी जोरजोरात हलवत होतं.

मी तशीच उठले. “काय झालं? टॉवेल का हलवतायत?”

“वाळत घालतायत,” तेऊन म्हणाला.

“पावसात?”

“इथे सगळं पावसातच वाळतं. चला, चला! पाणी!”

मी रहाटावर अशी काही पाय मारत सुटले की विचारू नका. पाती फिरली आणि टॉवेल आत गेला. असं दोनदा झालं. दुसऱ्या खेपेला वर टोपीत कण्याची कुरकुर ऐकू आली. गिरणीवाल्याच्या कानाला ते बरोबर कळतं, वंगण मागतोय. तेऊन डबा घेऊन शिडीवर चढू लागला, मध्येच कंबर धरून थांबला आणि माझ्याकडे बघितलं. मी नाकाला पदर लावला, डबा दोन बोटांत धरला आणि त्याच्या मागोमाग तीन शिड्या चढून गेले. महावीर भगवान, तुम्ही सगळं बघताच, लेकीसाठी केलं.

सांज व्हायला आली होती. अभिनंदन अनवाणी धावत आले, चिखलात घसरले, उठले. “आई! मुलगी झाली! दोघी ठणठणीत!”

मी घराकडे पळणार तर तेऊननं हात केला, “एक मिनिट!” त्यानं ब्रेक लावला आणि पाती थांबवली, पण सरळ नाही. वरचं पातं माथ्यावर पोचायच्या जरासं आधी, असं तिरकं. मला वाटलं, घाईत चुकलं. “वाकडं राहिलं,” मी म्हटलं.

“मुद्दाम ठेवलंय. आनंद झाला की असं ठेवतात, येऊ घातलेलं. कुणी गेलं की माथा ओलांडून पुढे. आता आख्ख्या गावाला कळेल.”

“अहो, कशाला गावाला!” मी ओरडले. “पोर अजून डोळेही उघडत नाही, दृष्ट लागेल!”

पण गाव निघालं होतंच. मी बाळाच्या कपाळाला तीट लावेपर्यंत जिना बुटांनी भरला. मारेका कडक पावांवर लोणी लावून त्यावर गुलाबी-पांढरे दाणे पसरत होती. मुलगी झाली की तिथे हेच वाटतात. मी एक दाणा तोंडात टाकला आणि उभी राहिले. साखरेत घोळलेली बडीशेप! आमच्या बाळंतशोपेची मावसबहीण. सात समुद्रांपलीकडे ह्यांनाही ठाऊक की बाळंतिणीला काय द्यायचं. त्या क्षणी ते गाव मला आपलं वाटलं.

रात्री बॅटरी घेऊन काठी बघितली. दोरा पाण्याच्या चार बोटं वर. मी चराला हात जोडले.

नातीचं नाव समीरा ठेवलं. मी कुरुंदवाडला परत आले आणि ही गोष्ट कुणाला सांगायची ठेवली नाही. गिरणीत दळण टाकायला येईल त्याला दळण होईपर्यंत ऐकावीच लागायची. सांगता सांगता चर मोठे झाले, पाऊस वाढला. महिला मंडळानं वार्षिक मेळाव्यात माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. फळ्यावर लिहिलं होतं, ‘परदेशी गाव पुरातून वाचवणाऱ्या श्रीमती पद्मावती मगदूम.’ मी भाषणही केलं.

गेल्या वसंतात पुन्हा गेले तेव्हा समीरा दहा वर्षांची झाली होती. शेजारी यास्पर नावाचा शहरातून आलेला तरुण राहायचा. त्याच्या बायकोचे दिवस भरले होते. एका सकाळी त्या घरासमोर मारेकाची सायकल उभी राहिली, आणि थोड्या वेळानं तेऊन, आता ऐंशीचा, काठी टेकत त्यांच्या दारात गेला. माझ्या कानावर त्यांच्या भाषेतले, पण आता कळू लागलेले शब्द पडले, “पंप बंद पडलाय.”

मी हातातलं टाकून उठले. “सन्मती! अगं, पुन्हा पंप बंद! काय हे सरकार, दहा वर्षांत एक पंप दुरुस्त होईना? माझी दोऱ्याची काठी कुठाय?”

सन्मती माझ्याकडे बघत राहिली. मग अभिनंदनांकडे बघितलं. ते खिडकीकडे वळले आणि त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. ह्या खेपेला मी पुढे जाऊन तोंड बघितलं. माणूस हसत होता.

“आई,” सन्मती म्हणाली, “बस जरा. पंप कधीच बंद पडला नव्हता.”

“म्हणजे?”

“तू सकाळपासून चौदा वेळा वर आली होतीस. प्रत्येक वेळी ‘मिरजेला असतं तर’ म्हणायचीस. माझी कळ यायची आणि तुझं तोंड बघून परत जायची. मारेकानंच तेऊनला फोन केला. घरातलं माणूस फार घाबरलं की ती त्याला चक्कीवर पाठवते. गावात सगळ्यांना ठाऊक आहे.”

माझ्या डोळ्यांपुढून शाल गेली, श्रीफळ गेलं, फळा गेला. “आणि दोरा? चार बोटं पाणी उतरलं होतं!”

“उतरणारच. तू दिवसभर उपसलंस ना.”

“आणि तो टॉवेल?”

ती हसायची थांबली. “तो खरा होता. तेवढं नाटक नव्हतं.” ती माझ्याजवळ येऊन बसली. “पलंगावरून पाती दिसत होती. मारेका म्हणाली, पात्यांवर श्वास घे. चार पाती जाईपर्यंत आत, चार जाईपर्यंत बाहेर. आणि ते जमायला लागलं गं. कळ आली की मी पात्यांकडे बघायची आणि म्हणायची, ही आई, ही आई, ही आई. घरात असताना तू मला नको झाली होतीस, आणि तिथं दिसलीस तर धीर आला. चक्की थांबली की माझा श्वास चुकायचा. मग मीच ओरडायची, टॉवेल हलवा, आईला सांगा थांबू नको.”

रागवायचं होतं, ते राहून गेलं. मी तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि मग उठून पदर खोचला.

“कुठं निघालीस?”

“त्या म्हाताऱ्यानं एकट्यानं दोर धरायचा का?”

चक्कीवर यास्पर रहाटाला झोंबत होता. गोरा चेहरा लालबुंद, डोळे घराच्या खिडकीवर. तेऊननं मला बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. त्याला कळलं, मला कळलंय. मी त्याच्याकडे बघून फक्त म्हटलं, “कंबर कशी आहे?”

“फार दुखतेय,” तो म्हणाला.

“मग बसा.” मी ब्रेकचा दोर हातात घेतला. चरबीचा डबा पायानंच यास्परकडे सरकवला आणि टोपीकडे बोट दाखवलं. ते काम त्याचं.

पाती फिरू लागली. घटकाभरानं वारा कमी झाला, चक्की मंदावत थांबली. यास्पर घाम पुसत माझ्याजवळ आला. “पाणी खरंच एवढं चढलंय का, मेव्राउ?” त्यानं विचारलं.

मी चराकडे बघितलं. संथ पाण्यात दोन बदकं आरामात पोहत होती. पलीकडे त्याच्या खिडकीत पांढरा टॉवेल फडफडू लागला.

“फार चढलंय,” मी म्हटलं. “बघतोस काय? चल, उरलेली कापडं सोड! पाणी!”